साडेचारचं प्रात्यक्षिक

इंजिनाला ते हात लावत तो उलटा. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा, मागच्या बाजूने, बोटं जराशी वळवून. मग डोळे मिटून दोन क्षण उभे राहत आणि निकाल देत, "न्हाई." त्यांच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द हा. गाडीचा मालक घाईत असे, उन्हात उभा असे, कधी कधी तो तालुक्यातलं बडं प्रस्थ असे. निकाल बदलत नसे. "गरम हाय. गाडी ठेवून जावा. उद्या सकाळी."

निलंग्याच्या एका खासगी तंत्र प्रशिक्षण संस्थेत मी मुलांना रोजगार कौशल्ये शिकवत होतो आणि ते दुचाकी दुरुस्ती. रोजगार कौशल्ये म्हणजे मुलाखतीला जाताना बूट पुसावेत, साहेबांच्या डोळ्यांत बघून बोलावं पण फार वेळ बघू नये, वगैरे. मी स्वतः अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होतो, त्यामुळे नोकरी कशी मिळवावी या विषयातला माझा अधिकार वादातीत होता. त्यांना सगळे 'मिस्त्री सर' म्हणत. पदवी नव्हती, म्हणून नुसतं 'सर' म्हणताना प्राचार्यांची जीभ अडखळे. शिकवत होते, म्हणून नुसतं 'मिस्त्री' म्हणताना मुलांची. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी तडजोड होऊन हे नाव पडलं होतं. मूळचे उमरीचे, हात नांदेडच्या एका उस्तादाकडे घडलेला, आणि संस्थेत येऊन नऊ वर्षं झालेली. दर जूनमध्ये त्यांना अकरा महिन्यांची ऑर्डर मिळे. दर जूनमध्ये उमरीहून बायकोचा फोन येई, "कायमची आली का?" ते म्हणत, "न्हाई. गरम हाय अजून."

त्यांचा खरा विषय टॅपेट. बाकी ब्रेक, क्लच, चेन हे सगळं ते शिकवत, पण लग्नात नवरदेवाच्या मित्रांचं करावं तेवढ्याच अगत्याने. टॅपेट म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच समजावून सांगितलं होतं, मी विचारलेलं नसताना. इंजिनाला श्वास घ्यायला एक झडप असते आणि सोडायला एक. त्या झडपांना वरून एक दांडी दाबते आणि सोडते. दांडी आणि झडप यांच्यात जराशी फट ठेवावी लागते. जराशी म्हणजे किती, तर मिलिमीटरच्या शंभर भागांतले पाच किंवा आठ. फट जास्त झाली की गाडी टकटक वाजते. फट संपली की झडप पुरती मिटत नाही, आतली आग तिच्या कडेवरून निसटत राहते आणि धार जळून जाते.

"यातलं वाईट कोणतं, सांगा सर," त्यांनी मला विचारलं.

मी भाषेचा माणूस. म्हणालो, "टकटक."

ते समाधानाने हसले. त्यांना हवं होतं तेच उत्तर मी दिलं होतं, म्हणजे चुकीचं. "सगळे ह्येच सांगतेत. आवाज वाढला की लोक पळत येतेत. कमी झाला की कोण येत न्हाई, उलट तारीफ करतेत, गाडी कशी गप्प हाय म्हणून. वाजतंय त्याचं काय बिघडत न्हाई, सर. गप्प झालं की बघावं. म्हणून मी पोरांला सांगतो, किलोमीटर बघून टॅपेट तपासा, कानावर जाऊ नका. तीन हजार झालं की बघा, वाजू का न वाजू."

आणि तपासायचं ते थंड इंजिनावर, कारण पुस्तकातलं माप थंड इंजिनाचं असतं. यात विक्षिप्त काही नाही, कुठलाही मेकॅनिक हे मान्य करतो. फरक एवढाच की बाकीचे मान्य करून तासाभरात गाडी देऊन टाकतात.

मिस्त्री सर हा नियम नेमानं पाळत आणि तो त्यांनी इंजिनापुरता ठेवला नव्हता, ही खरी अडचण. चहा ते थंड करून पीत. साय धरलेला तो चहा बघून कॅन्टीनवाल्याला सुरुवातीला अपमान वाटे. "गरम चहाची चव कळत न्हाई, नुसतं गरम कळतं," हे त्यांचं म्हणणं. कुणी भांडायला आलं तर ऐकून घेत आणि म्हणत, "उद्या सांगतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या माणसाला शोधून काढून सांगत. एकदा प्राचार्य त्यांना सगळ्यांसमोर अडाणी म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्राचार्य प्रार्थनेनंतर मुलांना शिस्तीचं महत्त्व सांगत असताना हे शेजारी जाऊन उभे राहिले आणि भाषण संपल्यावर शांतपणे म्हणाले, "काल दुपारी तुम्ही मला अडाणी म्हणाला. त्याचं असं हाय सर, मी सातवी पास हाय." प्राचार्यांना आठवेचना आपण काय म्हणालो होतो. ज्याचा राग निवला आहे त्याला थंड उत्तर ऐकण्यासारखी शिक्षा नाही. प्राचार्यांनी त्यानंतर त्यांच्यावर रागवायचं सोडून दिलं.

त्यांची एक वही होती. संस्थेची नव्हे, स्वतःच्या पैशाने घेतलेली, लाल पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. वर्गात ज्या ज्या गाडीचं टॅपेट तपासलं जाई, तिची एका पानावर नोंद: गाडी कुणाची, किलोमीटर किती, किती तास थंड, आत घेणाऱ्या झडपेची फट, सोडणाऱ्या झडपेची फट. आणि शेवटचा रकाना, 'कुणी बघितलं'. या रकान्यात ज्याने स्वतःच्या हाताने मापाची पातळ पोलादी पत्ती फटीतून ओढून बघितली त्याचीच सही. नुसतं शेजारी उभं राहून चालत नसे.

"उस्ताद म्हणायचे," ते सांगत, "जिने देखा उने दस्तखत करना."

पत्ती कशी ओढायची, याचा त्यांचा एक पाठ ठरलेला होता. सैल निघाली तर फट जास्त. अडकली तर कमी. मुलं विचारत, मग बरोबर म्हणजे कशी? "भाकरीखालचं फडकं ओढतेत तशी. भाकरी हलू ने, पण फडक्याला कळावं की वर भाकरी हाय." इतकं बिनचूक वाक्य मला रोजगार कौशल्यांच्या पाठ्यपुस्तकात कधी सापडलं नाही. तिथे सगळं 'प्रभावी संवाद' वगैरे होतं.

त्या वर्षी मान्यतेच्या समितीची भेट ठरली. संस्थेचे अध्यक्ष हे गृहस्थ आमच्या भागात शिक्षणमहर्षी म्हणून ओळखले जात, कारण तशी पाटी त्यांनी स्वतः लावली होती. त्यांनी स्टाफची बैठक घेतली. समितीला दुचाकी विभागात प्रत्यक्ष प्रात्यक्षिक बघायचं होतं, आणि ते टॅपेटचं ठरलं. अध्यक्ष मिस्त्री सरांकडे बघून म्हणाले, "सर, ह्या एका दिवसावर आपला विभाग आहे. मान्यता आली की तुमची कायमची ऑर्डर मी स्वतःच्या हातानं देणार. टाइप करून ठेवली आहे." मग माझ्याकडे बघून, "तुमचीपण." दोघांच्या ऑर्डरी एकाच टेबलाच्या एकाच खणात होत्या. क्लार्कने मला नंतर खण अर्धवट उघडून दाखवल्यासुद्धा. उमरीला त्या संध्याकाळी फोन गेला. पहिल्यांदाच ते 'गरम हाय' म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले.

आदल्या दिवशी दुपारी त्यांनी प्रात्यक्षिकाची मोटारसायकल मांडवात आणून उभी केली, आणि हँडलला पुठ्ठा बांधला. त्यावर माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, 'सुरू करू नये'. माझं अक्षर चांगलं आहे. या गोष्टीत ते दोनदा उपयोगी पडलं.

सकाळी प्राचार्य मांडव बघायला आले. स्वागताच्या कमानीखाली 'नये' असा शब्द त्यांना बरा वाटला नाही. पाहुणे यायचे आणि पहिलं काय वाचायचे, तर 'नये'. त्यांनी पुठ्ठा काढून ठेवला. मग त्यांना आणखी चांगलं सुचलं. समितीची गाडी लातूर रस्त्याने येणार होती. तिच्यापुढे आपली एक मोटारसायकल, तिला झेंडा, आणि मागे मुलांच्या सायकली, अशी मिरवणूक गावातून संस्थेपर्यंत यावी. सगळ्यांत स्वच्छ धुतलेली, हार घातलेली मोटारसायकल कोणती, तर प्रात्यक्षिकाची. प्राचार्य स्वतः फेटा बांधून तिच्यावर बसले. समितीला यायला उशीर झाला. इंजिन बंद केलं आणि ऐन वेळी लागलं नाही तर शोभा होईल, म्हणून त्यांनी ते तासभर उन्हात चालूच ठेवलं. मग पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने, ढोलताशाच्या मागून गावातून मिरवत सव्वाबारा वाजता ती मांडवात आली. हारातली झेंडूची फुलं इंजिनाच्या बाजूने करपली होती.

मिस्त्री सर तेव्हा हत्यारं मांडून, धुतलेला शर्ट घालून उभे होते. पांढऱ्या कापडावर पाने, पोलादी पत्त्यांची जुडी, वही आणि पेन. गाडी आली, प्राचार्य उतरले, फेटा सावरला. समितीचे प्रमुख खुर्चीवर बसले. भाषणं झाली. माझं निवेदन झालं. मग प्रमुख म्हणाले, "हं, करा सुरू."

मिस्त्री सरांनी हात उलटा करून पुढे नेला. इंजिनाला टेकवायची गरजही पडली नाही, वीतभर अंतरावरच त्यांनी तो मागे घेतला.

"व्हायचं न्हाई, साहेब," ते म्हणाले. "म्हणजे होईल. साडेचारला."

मांडवात कुणीतरी हसलं.

"काय झालं?" प्रमुखांनी विचारलं.

"गरम हाय."

अध्यक्ष पुढे झाले. आवाज गोड ठेवून म्हणाले, "अहो सर, प्रात्यक्षिक आहे. नुसतं दाखवायचं आहे."

"दाखवायचंच हाय तर खोटं माप कसं दाखवू? साहेब लिहून नेणार."

व्यासपीठावरचा पंखा आणून इंजिनासमोर लावण्यात आला. वक्ते घामाघूम झाले आणि इंजिनाला वारा लागला. कुणीतरी पाण्याची बादली आणली. मिस्त्री सरांनी ती आणणाऱ्याच्या हातातून काढून बाजूला ठेवली. "इंजिनाच्या तापल्या हेडवर पाणी टाकलं तर तडा जातोय. माणसावर टाका, चालतंय," असं ते प्राचार्यांच्या फेट्याकडे बघत म्हणाले. त्यात उपरोध नव्हता. प्राचार्य खरंच लालबुंद झाले होते.

प्रमुखांना चारच्या आत उदगीर गाठायचं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं. मला ते वाईट वाटले नाहीत. रोज दोन संस्था, रोज दोन हार, रोज दोन वेळा पुरी आणि श्रीखंड. त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी त्यांच्याकडे. शिक्षणक्षेत्रात बरेचसे निर्णय असे, बिनआवाजी होतात.

"जेवणं तयार आहेत," अध्यक्ष म्हणाले.

पंगत अध्यक्षांच्या बंगल्यावर होती. हात धुऊन झाल्यावर अहवालाचा कागद आला. लिहायला अक्षर चांगलं कुणाचं, म्हणून मला बोलावलं. मी लिहिलं, 'टॅपेट जुळवणीचे प्रात्यक्षिक समितीसमोर सादर करण्यात आले. समाधानकारक.' अध्यक्ष म्हणाले, "नुसतं समाधानकारक कोरडं वाटतं का हो?" मी 'अत्यंत' घातलं. तो शब्द माझा. मग खाली साक्षीदार म्हणून संस्थेतर्फे दोन सह्या हव्या होत्या. एक प्राचार्यांनी केली, दुसरी मी. माझ्या मनात त्या वेळी या सगळ्या प्रकारावर दोन-तीन चांगली वाक्यं येत होती, उपरोधिक, नेमकी. ती मी मनातच ठेवली. सही मात्र कागदावर केली.

पिशवी घ्यायला संस्थेत परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. मुलं जेवून पांगली होती. मांडवात पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या ओळीने तशाच होत्या, रिकाम्या. समोर हार घातलेली मोटारसायकल आणि तिच्याशेजारी स्टुलावर मिस्त्री सर. पंखा त्यांनी बंद केला होता. एका बाजूला वाऱ्याने निवलं तर माप वाकडं येतं, म्हणाले.

"समिती गेली, सर," मी सांगितलं.

"हाव. गाडी जाताना दिसली." त्यांनी हात उलटा करून इंजिनाला लावला. आता टेकवता येत होता. "अर्धा तास अजून. थांबता का? कुणीतरी बघणारं पायजे."

"साडेचारची लातूरची एसटी आहे माझी."

"मग जावा. पुढची लई उशिरा हाय."

गेटपाशी मी एकदा मागे वळून बघितलं. ते इंजिनाच्या वरच्या झाकणाचे बोल्ट सैल करत होते, सावकाश, एक इकडचा, एक तिकडचा, जसं ते मुलांना शिकवत तसं. समोर पाऊणशे खुर्च्या होत्या. गाडी मला मिळाली, खिडकीपाशी जागाही मिळाली.

मान्यता आली. ऑर्डरी मात्र खणातच राहिल्या, कारण दोनेक महिन्यांनी दुसऱ्या एका संस्थाचालकाने तक्रार केली की निलंग्यात प्रात्यक्षिक झालंच नाही. चौकशी येणार असं कळलं. आणि कुणीतरी अध्यक्षांना सांगितलं की मिस्त्री सरांच्या एका वहीत सगळं लिहिलेलं आहे. अध्यक्षांनी मला बोलावलं.

"तुमचं ऐकतात ते. एक पान आहे. फाडू द्या. त्याच दिवशी दोघांच्या ऑर्डरी." त्यांनी खण उघडून दाखवला, या वेळी पूर्ण.

मी गेलो. वर्गात ते एकटेच होते, पत्त्यांची जुडी रॉकेलच्या फडक्याने पुसत होते. मी सगळं सांगितलं, चौकशीचं, खणाचं, आणि माझं स्वतःचंही. लाज वाटून हळू बोललो, म्हणजे प्रभावी संवाद केला. त्यांनी ऐकून घेतलं.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

सकाळी आठ वाजता ते मला बसस्टँडवर भेटले. लातूरहून येणारी माझी एसटी लागायच्या आधीच येऊन उभे होते. हातात वही.

"काल तुम्ही पान फाडा म्हणाला. त्याचं असं हाय. वही शिवलेली हाय." त्यांनी ती उघडून मधला दोरा दाखवला. "हिकडचं पान फाडलं की तिकडचं सुटतं. ह्ये बघा तिकडचं. एका पोस्टमनच्या गाडीचं हाय. सहा, आठ. बरोबर माप हाय त्याचं. त्यानं काय केलंय?"

मी म्हणालो, "सर, नऊ वर्षं झाली तुम्हाला."

"हाव. तेच रातभर बघून राहिलो." त्यांनी वही मिटली. "फाडलं असतं, सर. पण मग पोरांला आता 'कुणी बघितलं' रकाना कसा शिकवू?"

चौकशी आली नाही. दोन अध्यक्षांचं आपसात मिटलं, एकाचा भाचा दुसऱ्याकडे लागला. वही कुणी बघायला मागितलीच नाही. पण जूनमध्ये मिस्त्री सरांची अकरा महिन्यांचीसुद्धा ऑर्डर निघाली नाही. निरोप समारंभ झाला नाही, कारण ज्याची नेमणूकच संपली होती त्याला निरोप कसला द्यायचा. माझी कायमची ऑर्डर त्याच आठवड्यात आली. अध्यक्षांनी ती स्वतःच्या हाताने दिली, फोटो काढला, आणि माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

कायम झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती मोटारसायकल घेण्याची. एसटीच्या वेळांवर अवलंबून राहायचं मला नको झालं होतं. मी तिला जपत असे. मध्यंतरी ती टकटक वाजायला लागली तेव्हा लातूरला एकाने अर्ध्या तासात, माझ्यादेखत, गरमागरम, तो आवाज बंद करून दिला. इतकी गप्प गाडी स्टाफमध्ये कुणाची नव्हती. मी तसं सांगतही असे.

गेल्या हिवाळ्यात नांदेडला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला निघालो. विषय होता 'कार्यस्थळावरील नीतिमत्ता', मी तज्ज्ञ म्हणून. लोहा सोडल्यावर गाडी ओढायची कमी झाली. नांदेडात शिरताना पहिल्याच सिग्नलला बंद पडली आणि लागेना. किक मारून मारून पाय दुखला. शेजारच्या पानवाल्याने तमाशा बघून सल्ला दिला, "पुढं एक म्हातारा हाय, त्याच्याकडं न्या. पण सांगून ठेवतो, ते आज करत न्हाई. गाडीला मुक्काम करायला लावतंय."

मला नाव विचारायची गरज पडली नाही. ते नांदेडला आहेत हे मला ठाऊक होतं, पाच वर्षांपासून. नांदेडला येणं मी तेवढ्याचसाठी टाळत आलो होतो.

पत्र्याचं शेड, बाहेर ओळीने दहाबारा मोटारसायकली, सगळ्या निवत पडलेल्या. दवाखान्याच्या ओसरीवर पेशंट बसावेत तशा. मिस्त्री सर वाळले होते, चष्मा आला होता. त्यांनी मला बघितलं, गाडीला बघितलं, आणि हात उलटा करून पुढे नेला.

"या सर. कुठनं आलात?"

"लातूरहून."

"म्हणजे उद्या."

आणि बाकडं दाखवून चहा सांगितला. माझा गरम, त्यांचा तसाच ठेवून दिलेला. घरचं विचारलं. निलंग्याचं विचारलं नाही. भिंतीला फळी होती आणि तिच्यावर लाल पुठ्ठ्याच्या वह्या, सहा-सात. मी विचारलं, "त्या वेळची आहे का यात?" त्यांनी वर न बघता सर्वांत डावीकडची काढून दिली.

पान लगेच सापडलं. गाडी: संस्थेची. थंड: चार तास. वेळ: साडेचार. आत: पाच. बाहेर: आठ. शेरा: समिती हजर नव्हती. आणि शेवटचा रकाना, 'कुणी बघितलं', कोरा. वहीभर प्रत्येक पानावर तो भरलेला होता, वाकड्यातिकड्या, पोरसवदा सह्यांनी. हे एकच पान कोरं. जे प्रात्यक्षिक झालं नाही त्याला दोन साक्षीदार होते, त्यांतला एक 'अत्यंत' लिहिणारा. जे झालं त्याला एकही नव्हता.

माझ्या खिशाला पेन होतं. तज्ज्ञाच्या खिशाला असतंच.

"सर," मी म्हणालो, "हितं सही करू का?" मी 'हितं' म्हणालो, हे मला नंतर जाणवलं.

त्यांनी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला. साय बाजूला केली.

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी आठच्या आधीच मी शेडपाशी होतो. त्यांनी माझ्या इंजिनाचं झाकण उघडलं, इंजिनातल्या चाकावरची खूण जुळवली, जुडीतली पाचाची पत्ती काढून माझ्या हातात दिली. ती फटीत शिरेना. त्याहून पातळ दिली. तीही शिरेना. बाहेर सोडणाऱ्या झडपेला फटच उरली नव्हती.

"वाजत हुती का पहिली?"

"हो. लातूरला एकानं आवाज बंद करून दिला."

"आन् तुम्हाला बरं वाटलं."

हा प्रश्न नव्हता. 

"धार खाल्लीय जराशी. पण चालंल. पावसाळ्याच्या आत हेड उघडा." त्यांनी स्क्रू सैल केला, जुळवला, नट आवळला, पुन्हा तपासला. मग मला म्हणाले, "ओढा."

मी ओढली. पहिल्यांदा फार सैल धरली, दुसऱ्यांदा फार घट्ट. तिसऱ्यांदा पत्तीला कळलं की वर भाकरी आहे.

त्यांनी हात फडक्याला पुसले, चष्मा वर केला, आणि माझ्याकडे वळले.

"काल तुम्ही सही करू का म्हणाला. त्याचं असं हाय सर," ते म्हणाले, "तुमची साडेचारची गाडी हुती."

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. पूर्ण निवलेला होता तो. मग त्यांनी नवी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. माझ्या गाडीची नोंद त्यांनी आधीच करून ठेवली होती, किलोमीटर, थंड चौदा तास, पाच, आठ. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे तुम्ही बघितलंय. हितं करा."

मी केली. आयुष्यात एवढ्या सह्या केल्या, पण करण्याआधी वाचलेली ती बहुधा पहिलीच.

किक एका दणक्यात लागली. गाडी हलकी टकटकत होती. प्रशिक्षणाच्या हॉलवर पोचेपर्यंत मी तो आवाज ऐकत गेलो, आणि दुसऱ्या दिवशी लातूरपर्यंत. मग निलंग्यात संस्थेच्या स्टँडला गाडी लावताना प्राचार्य शेजारून चालले होते. थांबले, कान दिला आणि काळजीने म्हणाले, "सर, तुमची गाडी वाजायला लागलीय. दाखवून घ्या."

"दाखवलीय," मी म्हणालो.